हीटर थंड, चौकशी इंजिनाची

मोटारीचा हीटर थंड हवा फेकू लागला की संशय सगळ्यात आधी डॅशबोर्डवर जातो. बटण बिघडले असेल, आतली वायर सुटली असेल, कॉइल जळाली असेल. घरातले गिझर, इस्त्री, रूम हीटर ही सगळी विजेवर तापणारी यंत्रे रोजच्या ओळखीची असल्यामुळे हा अंदाज सहज सुचतो. पण पेट्रोल-डिझेलच्या मोटारीतला हीटर स्वतः उष्णता तयार करत नाही. इंजिनाने टाकून दिलेली उष्णता तो उचलतो आणि आत आणून सोडतो. त्यामुळे हीटर थंड पडला तर तपासाची सुरुवात इंजिनापासून व्हायला हवी. इंजिन पुरेसे तापते का, आणि तापत असेल तर त्याची उष्णता वाटेत कुठे अडते? महाराष्ट्रात हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वर्षातले बहुतेक महिने हीटरच्या बटणाला कुणाचा हात लागत नाही, आणि ऐन थंडीत तो थंड निघाला तर काचा वर करून, स्वेटर चढवून माणसे निभावून नेतात. या निभावून नेण्यातच नुकसान आहे. थंड हीटर ही कूलिंग सिस्टिम बिघडू लागल्याची अनेकदा पहिली सूचना असते, तीही फुकट मिळणारी, आणि ती कानाआड केली की पुढे इंजिन उघडण्याची वेळ येऊ शकते.

इंजिनात जळणाऱ्या इंधनातून जी ऊर्जा निघते, तिच्यातला ढोबळमानाने एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भागच प्रत्यक्ष कामी येतो. बाकीची उष्णता होऊन जाते, काही सायलेन्सरवाटे, काही कूलंटवाटे. इंजिनाभोवतीच्या पोकळ्यांतून वॉटर पंप कूलंट फिरवत असतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह बंद राहतो आणि कूलंटला मोठ्या रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणून इंजिन लवकर तापते. या व्हॉल्व्हच्या पोटात मेण असते. साधारण ८० ते ९० अंश सेल्सियसच्या दरम्यान, व्हॉल्व्हवर छापलेल्या तापमानाला, ते वितळून फुगते आणि झडप उघडते. मेणावर चालणारा हा प्रकार अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट यांनी १९३० च्या दशकात विकसित केला, आणि आजही बहुसंख्य गाड्यांत तेच तत्त्व वापरले जाते. याच गरम कूलंटची एक फांदी दोन रबरी पाइपांवाटे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून आत जाते. तिथे, डॅशबोर्डच्या मागे, एक छोटा रेडिएटर बसवलेला असतो. गॅरेजात त्यालाच हीटर कॉइल म्हणतात. ब्लोअरची हवा त्यावरून गेली की गरम होते. ही हवा त्यावरून किती जावी आणि त्याला वळसा घालून किती जावी, हे एक झडप ठरवते, आणि तापमानाचे बटण बहुतेक गाड्यांत फक्त ही झडप हलवते. अमेरिकेतल्या नॅश कंपनीने १९३८ मध्ये बाहेरची ताजी हवा आत घेऊन ती गरम पाण्यावर तापवणारी पद्धत बाजारात आणली. तेव्हापासून मूळ रचना फारशी बदललेली नाही. जुन्या फोक्सवॅगन बीटलचे उदाहरण यावर चांगला प्रकाश टाकते. तिचे इंजिन हवेवर थंड होणारे, म्हणजे कूलंटच नाही. मग हीटरसाठी उष्णता घ्यावी लागली ती एक्झॉस्टच्या पाइपांभोवती खेळवलेल्या हवेतून. हे पाइप गंजले की धुराचा वास केबिनमध्ये यायचा. उष्णता कुठून उसनी घेतली आहे, यावर हीटरचा गुण ठरतो आणि दोषही.

म्हणून तपासाचे पहिले साधन म्हणजे डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा. गाडी दहा-पंधरा मिनिटे रस्त्यावर चालवल्यावर तो कुठे थांबतो, हे पाहावे. काटा मधोमध न येता खालीच रेंगाळत असेल, तर इंजिनच तापत नाही, आणि बिचाऱ्या हीटरने उष्णता आणायची कुठून? यामागे बहुधा उघडा राहिलेला थर्मोस्टॅट असतो. काटा नेहमीपेक्षा वर चढतो आहे आणि तरीही आत थंड हवा येते आहे, ही स्थिती सगळ्यात धोक्याची. इंजिनात उष्णता साचली आहे, पण ती वाहून नेणारा कूलंट हीटरपर्यंत पोहोचत नाही, म्हणजे तो कमी झाला आहे किंवा फिरत नाही. अशा वेळी गाडी बाजूला घेऊन बंद करणे हाच शहाणपणा. काटा मधोमध स्थिर असेल आणि हवा थंड असेल, तरच दोष हीटरच्या स्वतःच्या भागात असण्याची शक्यता मोठी. अलीकडच्या अनेक गाड्यांत काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल असे दोन दिवे असतात. निळा दिवा नेहमीपेक्षा खूप उशिरा विझत असेल तर त्याचा अर्थ पहिल्या प्रकारासारखाच घ्यावा. गॅरेजात स्कॅनर लावल्यावर 'पी ०१२८' हा कोड निघाला, तर गाडीचा संगणकही तेच सांगतो आहे: कूलंट अपेक्षित तापमानापर्यंत पोहोचत नाही. काट्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. कूलंट सेन्सरच्या खाली उतरला असेल तर सेन्सर कोरड्यात राहतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा खाली दिसू शकतो. म्हणूनच काट्याच्या जोडीला हीटरचे वागणे पाहावे. महामार्गावर वेगात थंड आणि गर्दीत थांबल्यावर कोमट होणारा हीटर उघड्या थर्मोस्टॅटकडे बोट दाखवतो, कारण वेगात रेडिएटरवर आदळणारा वारा कूलंटला गरजेपेक्षा जास्त निववतो. याच्या उलट, गाडी पळताना गरम आणि सिग्नलला थांबल्यावर थंड, असे होत असेल तर कूलंट कमी आहे, आत हवा धरली आहे, किंवा वॉटर पंप दुबळा झाला आहे. मंद चालणाऱ्या इंजिनात पंपाचा जोर कमी पडतो आणि हीटरची फांदी उपाशी राहते.

थर्मोस्टॅटबद्दल जरा सविस्तर बोलायला हवे, कारण आपल्याकडे तो नुसता बिघडत नाही, मुद्दाम काढूनही टाकला जातो. गाडी एकदा तापली की 'व्हॉल्व्ह काढून टाका, पुन्हा त्रास नाही' हा सल्ला अनेक गॅरेजांत मनापासून दिला जातो. सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, आणि त्याच्या अनुभवातही तथ्य असते: बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट काढला की गाडी तापायची खरोखरच थांबते. चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांपुढे जातो, तिथे इंजिन तापवायला झडप कशाला हवी, असा आक्षेपही रास्त वाटतो. पण बाहेरचे ४५ अंश आणि इंजिनाला हवे असलेले ९० अंश यांच्यात अंतर मोठे आहे, आणि उन्हाळ्यात चांगला थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेलाच असतो. त्याचा अडथळा नगण्य. तो काढल्यावर इंजिन कायम अर्धकच्च्या तापमानाला चालते. इंजिन अजून थंडच आहे असे समजून संगणक जास्त इंधन सोडत राहतो, अ‍ॅव्हरेज घटते, न जळलेले पेट्रोल ऑइलमध्ये मिसळते आणि ओलावा उडून न गेल्यामुळे ऑइलचा चिखल होऊ लागतो. शिवाय काही इंजिनांत हाच थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटरला वगळून जाणारी आडवाट बंद करतो. तो काढला की कूलंट त्या आडवाटेनेच फिरत राहतो, रेडिएटरकडे पुरेसा जात नाही, आणि ज्या तापण्याच्या भीतीने व्हॉल्व्ह काढला तेच तापणे पुन्हा दारात येते. या सगळ्यातले काहीही डोळ्यांना दिसत नाही. गाडी चालते, तापत नाही, मालक खूश असतो. कळते ते फक्त थंडीत, हीटर लावल्यावर. जुना थर्मोस्टॅट तपासायचा असेल तर काढून, स्वयंपाकात न वापरायच्या भांड्यात पाणी घेऊन त्यात तापवावा आणि छापलेल्या तापमानाच्या आसपास उघडतो का ते पाहावे. बहुतेक गाड्यांत हा सुटा भाग इंजिनाच्या इतर कामांच्या मानाने स्वस्त आहे. नवीन घालताना त्याचे गॅस्केट किंवा रबरी रिंगही नवीनच घालावी.

थर्मोस्टॅट ठीक असेल तर पाळी कूलंटची. अनेक गाड्यांत हीटरचा छोटा रेडिएटर उंचावर बसवलेला असतो, त्यामुळे पातळी उतरली की सगळ्यात आधी तो रिकामा पडतो आणि तिथे हवा साचते. इंजिनाला अजून पुरेसा कूलंट मिळत असतो, काटाही जागेवर असतो, पण हीटर थंड झालेला असतो. सुरुवातीला म्हटलेली पहिली सूचना ती हीच. इंजिन पूर्ण निवल्यावर बॉनेट उघडून बाजूच्या टाकीत पातळी किमान-कमाल खुणांच्या मध्ये आहे का पाहावे. गरम इंजिनावर रेडिएटरचे टोपण कधीही उघडू नये. टोपणामुळे आत साधारण एक बारचा जादा दाब असतो आणि त्या दाबाखाली पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळते. टोपण फिरवताच दाब उतरतो आणि उकळता फवारा चेहऱ्यावर येतो. निवलेल्या इंजिनाचे टोपण उघडून रेडिएटरही पाहावा, जिथे तसे टोपण आहे तिथे. टोपणाचे रबर कडक झाले असेल तर बाजूची टाकी भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र आतून रिता असतो. नुसत्या टाकीकडे पाहून 'पाणी आहे' असे म्हणणारे इथेच फसतात.

पाणी हा शब्द तोंडात येतो त्याला कारण आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये पाणीच घातले गेले, आणि आजही टोलनाक्याजवळच्या टपरीवरची बाटली सर्रास ओतली जाते. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, हा युक्तिवाद अर्धाच बरोबर आहे. इथिलिन ग्लायकोल आणि पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, आणि पुण्या-नाशिकला त्याची गरज नाही हे खरे. पण कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायने असतात आणि तो साध्या पाण्यापेक्षा उशिरा उकळतो. राज्याच्या कितीतरी भागांत बोअरचे पाणी जड आहे. ते गरम धातूवर क्षार सोडते, इंजिनाच्या पोकळ्यांत गंज धरतो, आणि हा सगळा गाळ वाहत जाऊन बसतो तो सगळ्यात बारीक नळ्यांत, म्हणजे हीटरच्या रेडिएटरमध्ये. मोठा रेडिएटर चोंदायच्या आधी हीटर चोंदतो. कूलंट निवडताना रंगावर जाऊ नये. हिरवा, लाल, गुलाबी हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीने देतात आणि आतली रसायने वेगळी असू शकतात. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकार घ्यावा, तो पातळ करायचा असेल तर डिस्टिल्ड पाणी वापरावे. ग्लायकोल गोडसर आणि विषारी असते, म्हणून काढलेला जुना कूलंट मुलांच्या आणि कुत्र्यामांजरांच्या वाटेत ठेवू नये. भरल्यानंतर आत अडकलेली हवा काढणे हे कामाचा अर्धा भाग आहे. गाडीचे तोंड चढावर ठेवून, हीटरचे बटण पूर्ण गरमवर करून, निवलेले इंजिन टोपण उघडे ठेवूनच चालू करतात आणि बुडबुडे थांबेपर्यंत मंद चालवतात. काही गाड्यांत त्यासाठी वेगळा स्क्रू असतो. एवढे करूनही काही दिवसांनी पुन्हा हवा धरत असेल, कूलंट कुठेही न गळता कमी होत असेल, सायलेन्सरमधून पांढरा धूर टिकून राहत असेल, तर हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतो आणि उंचावरच्या हीटरमध्ये जाऊन बसतो. या टप्प्यावर गाडी थांबवली तर बहुधा गॅस्केटवर भागते. तशीच दामटली तर अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते.

घाट चढताना इंजिन तापले तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर लावावा, हा जुना उपाय अनेक चालकांना माहीत आहे, आणि तो खरा आहे. हीटर त्या वेळी दुसरा रेडिएटर होतो आणि इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये काढून घेतो. याच उपायात एक चाचणीही दडलेली आहे, तिच्याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. कसाऱ्याच्या किंवा खंडाळ्याच्या चढावर काटा वर गेला, हीटर लावला आणि आगीसारखी हवा आली, तर कूलंट आहे आणि फिरतो आहे. सावकाश सुरक्षित जागी पोहोचता येईल. हवा थंडच आली, तर पुढचे एक किलोमीटरही चालवू नये.

काटा जागेवर आहे, कूलंट भरलेला आहे, आणि तरी हवा थंड आहे, अशा गाड्याही पुष्कळ असतात, आणि तिथे दोष इंजिनाचा नाही हे मान्य करायला हवे. पण तो निर्णयही डॅशबोर्ड खोलण्याआधीच करता येतो. इंजिन गरम झाल्यावर ते बंद करावे आणि केबिनकडे जाणारे दोन्ही पाइप जाड कापड धरून सांभाळून चाचपावेत. दोन्ही सारखेच गरम असतील तर उष्णता आत पोहोचते आहे आणि अडली आहे ती हवा वळवणाऱ्या झडपेपाशी: केबल सुटली असेल किंवा झडप हलवणारी छोटी मोटर बिघडली असेल. बटण फिरवताना डॅशबोर्डमागून टक-टक आवाज येत असेल तर त्या मोटरच्या प्लॅस्टिकच्या दात्यांकडे पाहावे. एक पाइप गरम आणि दुसरा जेमतेम कोमट, म्हणजे हीटर आतून चोंदला. दोन्ही थंड, म्हणजे कूलंट तिथवर येतच नाही, आणि पुन्हा पातळी, हवा, पंप किंवा काही गाड्यांत असणारा हीटरचा कॉक यांच्याकडे वळावे. चोंदलेला हीटर बदलण्याआधी दोन्ही पाइप सोडून, कमी दाबाच्या पाण्याने उलट दिशेने धुऊन पाहावा. अनेकदा तांबडा गाळ निघतो आणि काम होते. जोराचा दाब दिला तर जुन्या नळ्या फुटतात. हीटर बदलायचा म्हणजे बहुतेक गाड्यांत पूर्ण डॅशबोर्ड उतरवणे, आणि त्यात सुट्या भागापेक्षा मजुरी जड जाते. म्हणूनच हे काम यादीत सगळ्यात शेवटी यावे. ग्राहकाला मात्र अनेकदा तेच पहिले सुचवले जाते.

हीटरला गळती लागली की काचेवर आतून चिकट थर बसतो, गोडसर वास येतो, पायाखालचा गालिचा ओला होतो. अशा वेळी दोन्ही पाइप एकमेकांना जोडून हीटरच वगळण्याचा मार्ग काढला जातो, आणि 'आपल्याला कुठे लागतो' म्हणून तो कायमचा होऊन बसतो. तात्पुरता उपाय म्हणून त्यात गैर काही नाही, पाइपांची तोंडे बंद न करता ते जोडले असतील तर. काही इंजिनांत कूलंट सतत फिरता राहण्यासाठी ही वाट मोकळी लागते. पण आपल्याला लागत नाही हे मला पटत नाही. पावसाळ्यात आंबेनळीसारख्या घाटात समोरची काच आतून धुरकट होते, तेव्हा एसीने हवेतला दमटपणा काढणे आणि हीटरने ती हवा गरम करून काचेवर सोडणे ही जोडी काच झपाट्याने साफ करते. ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून हिवाळ्यात स्वतःची गाडी घेऊन लाहौलपर्यंत जाणे शक्य झाले आहे. पुण्यात साध्या पाण्यावर चाललेली गाडी तिथे नेली तर रात्रीत पाणी गोठून इंजिनाचा ब्लॉक तडकू शकतो. हीटर तर दूरच राहिला. टोरांटो किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे सांगावे लागत नाही. तिथे काचेवरचा बर्फ वितळवणारा हीटर चालत नसेल तर गाडी बाहेर काढणेच धोक्याचे. बर्फाच्या प्रदेशात जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे हिमवृष्टीत गाड्यांतच अडकून किमान २२ जण दगावले, आणि कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा हे त्यामागचे एक कारण मानले गेले. सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले असताना हीटरसाठी इंजिन चालू ठेवले की तो वायू केबिनमध्ये शिरतो.

इंजिनाच्या उष्णतेचा हा हिशोब डिझेल आणि विजेच्या गाड्यांत थोडा बदलतो. डिझेल इंजिन कमी उष्णता वाया घालवते आणि मंद चालताना फारच कमी, म्हणून त्याचा हीटर उशिरा गरम होणे हा दोष नव्हे. काही डिझेल गाड्यांत त्यासाठी विजेवर तापणारा छोटा साहाय्यक हीटर बसवलेला असतो. विजेच्या गाडीत फुकटची उष्णता जवळजवळ नसते, ती बॅटरीतून विकत घ्यावी लागते आणि थंडीत गाडीचा पल्ला घटतो. म्हणूनच काही गाड्यांत उष्णता बाहेरच्या हवेतून ओढणारा हीट पंप आला. विजेच्या गाडीत थंड हवा आली तर इंजिनाच्या कूलंटची नव्हे, उच्च दाबाच्या विजेची चौकशी करावी लागते, आणि ती घरी करू नये.

या सगळ्याचा उपयोग जुनी गाडी विकत घेताना सगळ्यात जास्त होतो. खरेदीच्या चाचणीत एसी सगळेच लावून पाहतात. मे महिन्यात हीटर लावायचे कुणाच्या मनात येत नाही. इंजिन थंड असताना गाडी मागावी, पंधरा मिनिटे चालवावी, मग एसी बंद करून बटण पूर्ण गरमवर न्यावे आणि हवा कशी येते ते वेगात आणि थांबल्यावर अशी दोनदा पाहावी. चटका बसेल इतकी हवा दोन्ही वेळा येत असेल, तर थर्मोस्टॅट जागेवर आहे, कूलंट पुरेसा आहे, पंप फिरतो आहे आणि नळ्या मोकळ्या आहेत, असे समजायला चांगला आधार मिळतो. हवा थंड आली आणि विकणाऱ्याने 'हीटर आम्ही कधी वापरलाच नाही' असे सांगितले, तर किंमत ठरवण्याआधी गाडी निवू द्यावी आणि रेडिएटरचे टोपण उघडून आत काय भरले आहे ते पाहावे.